सतरा नंबरचं पिंप

मांनी सतरा नंबरच्या पिंपाच्या तोटीखाली वाटी धरली, नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. चव घेतलीच नाही.

"कुजलंय," त्या म्हणाल्या.

तामकाका शिडीवर उभे राहून पिंपातली मासळी दाबून ठेवणारे दगड सारखे करत होते. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. "वर्षभर मिठात ठेवलेली मासळी कुजणार नाही तर काय फुलणार? आपण त्याचंच तर खातो, बायताई."

मा हसल्या नाहीत. तेव्हा तामकाका खाली उतरले, वाटी उचलून वास घेतला, दोन थेंब जिभेवर टाकले आणि डोळे मिटून उभे राहिले.

"रंग बघा, तांबूस, झुरळाच्या पंखासारखा. आणि वास? नुसत्या वासावर दोन वाट्या भात जाईल. यात कुजलंय काय?"

"मी कुजलंय म्हणते ना!"

यावर बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं फू क्वोक बेट त्यांना बाय म्हणायचं. सासरे गेल्यावर मासळी मुरवून तिचा अर्क काढायचा चाळीस पिंपांचा कारखाना त्यांनी एकट्यानं चालवला होता, आणि तो चालला तो त्यांच्या नाकावर. मासळी कुठल्या होडीतली, मीठ जुनं की नवं, पावसाचं पाणी कुठल्या फटीतून झिरपलं, हे त्या वाटीभर अर्कावरून सांगायच्या. व्यापारी दुसऱ्या कारखान्यांत यंत्रानं तपासून घ्यायचे. आमच्याकडे मांच्या तोंडाकडे बघून घ्यायचे. तामकाका सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखाली मुख्य कारागीर होते. दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशीही भांडण झालं नाही. मांनी सतरा नंबरवर खडूनं फुली मारली आणि त्या घरात गेल्या. पण माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. या दोघांपैकी कुणाचं तरी खोटं होतं.

आठवड्यात फुल्या सहा झाल्या.

आधी संशय आला होडीवाल्यावर. मासळी जाळ्यातून काढल्या काढल्या होडीवरच मिठात कालवायची असते. त्यानं कंजूषपणा केला असणार, असं मांचं म्हणणं. तो बिचारा वल्ह्यासकट दारात येऊन शपथा घेऊन गेला. मग उंदरावर. दोन पिंपं वरून हातभर उकरून पाहिली, उंदीर काही सापडला नाही. आणि मग एका दुपारी जेवताना त्या अचानक म्हणाल्या, "तामचा भाचा पलीकडच्या कारखान्यात लागलाय ना?"

माझ्या नवऱ्यानं, तोआननं, मान वर केली. "त्याला दोन वर्षं झाली, मा."

"दोन वर्षं झाली, म्हणूनच म्हणते. कुठंतरी पाणी मुरतंय."

खरं सांगायचं तर त्या वेळी मांची तब्येतही धड नव्हती. नव्या वर्षाच्या सणात सर्दी झाली होती ती हटतच नव्हती. वाकल्या की डावा गाल जड व्हायचा, त्या बाजूनं घट्ट पिवळं वाहायचं. चौकातल्या औषधवालीकडून तीन दिवसांच्या पुड्या यायच्या. एका पुडीत एक पांढरी, एक गुलाबी आणि एक अर्धी पिवळी गोळी. कशाची कोणती, ते औषधवालीला माहीत. पुड्या घेतल्या की मांना बरं वाटायचं. चार-सहा दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या. सणापासून अशा पाच खेपा झाल्या होत्या. पण सर्दी काय, सगळ्यांनाच होते. सर्दीचा आणि पिंपांचा संबंध आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. उलट मा म्हणायच्या, "नाक चोंदलंय तरी मला एवढी घाण येते. उघडं असतं तर मेलेच असते."

तामकाका रोज संध्याकाळी घरी जाताना खांद्याला कापडी पिशवी लावायचे. त्यात जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि एखादं भिजलेलं फडकं. एका संध्याकाळी मा कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ताम, पिशवी उघड."

काकांना आधी कळलंच नाही. "काय हवंय, बायताई?"

"तू आत काय आणतोस आणि बाहेर काय नेतोस, ते बघायचंय."

आवारात सात-आठ कामगार होते. मी लेकीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होते. काकांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि उघडून मांच्या पायाशी ठेवली. डबा काढला, झाकण उघडून ठेवलं. बाटली उलटी केली. फडकं पिळून दाखवलं. मग म्हणाले, "खिसे?"

 मा नको म्हणाल्या नाहीत.

काकांनी खिसे बाहेर काढून दाखवले. एक कंगवा आणि सिगारेटचं पाकीट निघालं. ते सगळं त्यांनी परत भरलं, माझ्या लेकीच्या गालाला बोट लावलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं की ते बेटाच्या पलीकडच्या अंगाला, हाम निन्हला बहिणीकडे राहायला गेले.

"बघितलंस?" मा म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदणं."

मला ते पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं. निर्दोष माणूस भांडला असता असं मला वाटलं. निदान दिवसभर वाटलं. रात्री तोआन शेजारी पडल्या पडल्या म्हणाला, "लुआ, मला वेगळीच भीती वाटते. आजीचंही शेवटी असंच झालं होतं. भातात विष घालतात म्हणायची." आणि मग माझा संशय काकांवरून उठून मांवर जाऊन बसला. किल्ल्या आता त्यांच्याकडून काढून घ्याव्यात का, इथवर आम्ही नवरा-बायको कुजबुजत आलो. एकाच घरात तिघं, आणि तिघंही एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघणारे.

मी ठरवलं, असं चालायचं नाही. माझं माहेर कांथोचं. तिथल्या कॉलेजात माझा मामा रसायन शिकवायचा. सतरा नंबरमधला बाटलीभर अर्क त्याला पाठवायचा. कुजलं असेल तर ताम दोषी. नसेल तर मांना मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं.

भल्या पहाटे मी कारखान्यात गेले, बाटली भरली आणि बाहेर आले. उजाडल्यावर बघते तर माझ्या चपलांचे पांढरे ठसे थेट माझ्या खोलीपर्यंत. मांनी दारात तांदळाचं पीठ पसरून ठेवलं होतं.

त्या ठशांवरून चालत मा माझ्या दारापर्यंत आल्या. बाटली टेबलावरच होती.

"कुणासाठी?"

"मामाकडे पाठवणार होते. तपासायला."

"काय तपासायला? अर्क की मला?"

 त्या बाटली घेऊन उभ्या राहिल्या, झाकण काढून वास घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की जणू कुणी मेलेलं मांजर समोर धरलं. ते सोंग नव्हतं. सोंग असतं तर मला ओळखता आलं असतं.

"तू बाहेरून आलीस," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी तुला लेक म्हटलं. तामला घरातून कोण सामील असेल, हे मला आधीच सुचायला हवं होतं."

"मा, काहीतरीच काय बोलता!"

"तोआनला सांगू नका, असं मला म्हणू नकोस. मी सांगणार आहे."

त्याच दिवशी त्यांनी सतरा नंबर ओतून द्यायचा हुकूम दिला.

एका पिंपात बारा टन मासळी मुरते. वर्ष लागतं. तोआन त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "मा, निदान स्वस्तात विकू. खताला देऊ. महिनाभर थांबा."

"माझ्या घराच्या नावानं घाण विकायची?" असं म्हणून मांनी स्वतः तोटी पूर्ण सोडली.

अर्क आवारातल्या गटारातून गल्लीत आणि गल्लीतून नदीकडे वाहायला लागला. लाल, पारदर्शक. आणि वास! मी तीन वर्षं त्या वासात राहत होते, तरी मला असा वास ठाऊक नव्हता. गोडसर, भाजल्यासारखा, समुद्राचा. पंधरा मिनिटांत गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकीनं बोट बुडवून चाटलं.

"अगं बाई! हे कुणी सोडलं?"

मग धावपळ झाली. बादल्या, पातेली, तेलाचे रिकामे डबे. आमच्या आवाराच्या तोंडाशी, जिथं अर्क मातीला लागायच्या आधी फरशीवरून पडत होता, तिथं रांग लागली. समोरची म्हातारी झाकण हातात धरून ओरडत होती, "बाय, बंद कर गं! वेड लागलं का तुला? पाप लागेल!"

मा पिंपाजवळ नाकाला फडकं लावून उभ्या होत्या. रांगेकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तरी कळेल. कुजकं पाणी न्यायला कुणी बादली घेऊन धावतं का? त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सगळी गल्ली सामील आहे."

 तोआननं पुढं होऊन तोटी बंद केली, पण तोवर निम्म्याहून जास्त गेलं होतं.

त्यानंतर मा आमच्याबरोबर जेवेनात. मी केलेल्या माशाच्या रश्श्याला त्यांना वास यायचा, भाताला यायचा, उकळलेल्या पाण्यालासुद्धा. त्या स्वतः अंडी उकडायच्या, सोलून हुंगायच्या आणि अर्धी टाकून द्यायच्या. वाळत चालल्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. फक्त माझी लेक, मित, तेवढी त्यांची होती. आठ महिन्यांची. रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवर नाक टेकवायचं आणि लांब श्वास ओढायचा. आमच्याकडे मुलांचे लाड ओठांनी नाही, नाकानंच करतात.

त्या सकाळी मी मितला आंघोळ घालून त्यांच्याकडे दिली. त्यांनी टाळूला नाक लावलं आणि थांबल्या. पुन्हा लावलं. मग तिला हात लांब करून धरलं, जशी एखादी वस्तू धरतात.

"हिला कशानं न्हाऊ घातलंस?"

"नेहमीचंच, मा. लिंबाच्या पाल्याचं पाणी."

"डोकं पुसलंस नीट? काही लावलंस?"

"काही नाही. तुम्हीच बघा ना."

त्यांनी बघितलं. केस बाजूला करून, कानामागं, मानेच्या वळ्यांत. मित खिदळत होती, त्यांची बोटं धरत होती. मा तिला माझ्याकडे देऊन भिंतीला टेकून बसल्या.  

"पिंपात ताम काही घालेल," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "भातात तू घालशील. हिच्या डोक्यात कोण घालणार?"

मी म्हटलं, "मा, चला. डॉक्टरकडे जाऊ."

"वेड्यांच्या?"

"नाकाच्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अजून संशय होताच, पण पहिल्यांदाच तो माझ्यावर नव्हता.

बेटावरून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या राच-या शहरात जायला बोटीनं अडीच तास लागतात. तिथं एका लहानशा दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या, डॉक्टर हान. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. मा आत शिरल्या त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या, कधीही उठून जाता येईल अशा.

"घाण वास आत्ता येतोय?"

"येतोय. तुमच्या टेबलाला येतोय."

"बरं. डावी नाकपुडी बोटानं दाबून धरा. आता उजवीनं घ्या श्वास. येतोय?"

मांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"...गेल्यासारखा वाटतो."

"टेबल तर इथंच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

मांनी बोट काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं. तीन-चारदा. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मग डॉक्टरांनी नाकात दिव्याची बारीक नळी घातली, डाव्या गालाच्या हाडावर दाबलं. मा कळवळल्या. "आणि आता तोंड उघडा."

"तोंड कशाला? दुखणं नाकाचं आहे."

"उघडा तर."

मांच्या वरच्या डाव्या दाढेवर सोन्याची टोपी होती. सासरे जिवंत असताना बसवलेली, हसल्या की चमकायची. डॉक्टरांनी तिच्यावर सळईनं टकटक केली. "दुखतं?"

"नाही. कधीच नाही दुखली."

"मग तिचीच शंका येते."

मांनी माझी बाही ओढून कानात सांगितलं, "हिचा नवरा दात काढणारा असेल. विचार."

त्या कुजबुजल्या खऱ्या, पण त्यांची कुजबुज खोलीभर ऐकू जायची. डॉक्टर हसल्या. "माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. फोटो काढून या आधी, मग माझ्यावर संशय घ्या."

फोटोत उजव्या गालाच्या हाडातली पोकळी काळी, रिकामी दिसत होती. डावी पांढरी, काठोकाठ भरलेली. आणि त्या पांढऱ्याच्या तळाशी दाढेचं मूळ टोचल्यासारखं वर आलेलं.

"दाढेतली नस कधीच मेलीय, म्हणून दुखत नाही," डॉक्टर हान म्हणाल्या. "पण टोपीखाली ती किडली आणि मुळाशी पू धरला. दाढ आणि ही पोकळी यांच्यात अंड्याच्या टरफलाएवढं हाड असतं. ते फोडून पू वर गेला. तो नाकात उतरतो आणि त्याची घाण तुम्हाला येते, आतून. इतरांना येत नाही. तुम्ही पिंप हुंगा नाहीतर गुलाब हुंगा, वास याचाच."

"आणि मग पुड्या घेतल्यावर बरं कसं वाटायचं?" मी विचारलं.

"पुड्यांत काय होतं?"

"एक पांढरी, एक गुलाबी, अर्धी पिवळी."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "अहो, हे काय औषधाचं नाव झालं? सूज उतरवणारं काहीतरी असेल, जंतू मारणारं काहीतरी असेल. तीन दिवस मारायचं आणि सोडून द्यायचं, म्हणजे जंतूंना नुसतं घाबरवायचं. आणि दाढ आत आहे तोवर महिनाभर गोळ्या खाल्ल्या तरी ते परत येणार."

मांनी फोटोतल्या दाढेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "दाखवा कुठं काढायची ती."

दात काढणारा खालच्या मजल्यावर होता, तरुण, घाईतला. मी मांचा हात धरून उभी होते. इंजेक्शनं दिली. टोपी निघाली, दाढ हलली, कर्रकन आवाज झाला आणि ती बाहेर आली. तिच्या मागोमाग जे आलं त्याचा वास खोलीत पसरला.

मी तो वास कधी विसरणार नाही. तोंडावर हात धरून मी दोन पावलं मागं सरले. तो तरुण डॉक्टरही मास्कच्या आत खोकला. मेलेलं मांजर, साचलेलं गटार, कुजकं मांस, काय म्हणावं? पाच महिने मा हेच सांगत होत्या. भातात हे, पाण्यात हे, नातीच्या टाळूवर हे. आणि आम्ही त्यांच्या किल्ल्या काढून घ्यायचं ठरवत होतो.

मांनी माझं मनगट पकडलं. तोंडात कापूस, शब्द धड फुटेना. "हाच," त्या म्हणाल्या. "लुआ, हाच. येतोय ना तुला?"

"येतोय, मा. येतोय."

त्या रडायला लागल्या. मला वाटतं, पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याबरोबर तो वास घेतला, म्हणून.

औषध तीन आठवड्यांचं होतं, नावानिशी लिहिलेलं. सहाव्या दिवशी मा म्हणाल्या, "आता बरं आहे, पुरे." मी म्हटलं, "तोंड उघडा, जीभ वर करा." रोज गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहायचे. "तुरुंगातसुद्धा एवढा पहारा नसतो," असं त्या पुटपुटायच्या. रोज दोनदा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं होतं. त्यात मात्र त्यांनी चूक केली नाही. मीठ किती घालायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दुसरा फोटो काढला. डावी पोकळी जवळजवळ काळी झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, नळी घालून साफ करायची वेळ येणार नाही.

घाण गेली. पण तिच्याबरोबर बरंच काही गेलं. मांना फुलांचा वास यायचा, धुराचा यायचा. पण ते पहिलं नाक परत आलं नाही. एका होडीची मासळी आणि दुसरीची यांतला फरक आता त्यांना कळत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, येईल कदाचित हळूहळू, शब्द देत नाही.

एका सकाळी त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली. हाम निन्हला तामकाकांच्या बहिणीचं घर समुद्रावरच होतं. काका झोपाळ्यात बसून दोर वळत होते. आम्हाला बघून उठले, स्टूल पुढं केलं, चहा ओतला. मांनी चहाला हात लावला नाही.

"ताम, मी चुकले. दाढेत पू होता माझ्या. सगळीकडे तोच वास यायचा. तू म्हणालास तसाच होता सतरा नंबर, उत्तम. परत ये."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. दाढ कोणती, किती दुखलं, हेही विचारलं. मग म्हणाले, "बायताई, नाकानं चुकलात, ते मी धरतच नाही. नाक कुणाचंही बंद पडतं. पण पिशवी उघडायला सांगितलीत, तेव्हा नाकानं नाही सांगितलंत."

काकांनी अर्धवट वळलेला दोर बाजूला ठेवला.

"सव्वीस वर्षं. तुम्ही विचारायला हवं होतं, ताम, मला काय होतंय? मी सांगितलं असतं, वास तुमच्यातच आहे म्हणून. तुम्ही विचारलं नाहीत. पलीकडचा माणूस समजलात. आता मी खरंच पलीकडच्यांकडे लागलोय. सोमवारपासून."

"ते काय देतात ते मी..."

"ते पिशवी उघडायला सांगत नाहीत."

त्यानंतर त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या बहिणीनं खेकडे उकडले. काकांनी मांच्या बशीत खेकडा फोडून दिला, डाव्या बाजूनं चावू नका म्हणाले. पण परत यायचं नाव काढलं नाही. 

तोआनचं म्हणणं होतं की दाढेचं प्रकरण घरातच ठेवावं. माशाचा अर्क विकणाऱ्या घरात मालकिणीचं नाक गेलं, ही बातमी बाहेर गेली तर संपलंच. मी पण तेच म्हटलं. मांनी आमचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात, मासळीच्या ओट्यापाशी, जिथं सगळ्या कारखान्यांच्या बायका असतात, तिथं उभ्या राहून सांगितलं की सतरा नंबर चांगला होता, माझं नाक सडलं होतं, आणि तामनं कधी मिठाचा खडासुद्धा नेला नाही. समोरची म्हातारी म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं ना गं!" मा म्हणाल्या, "सांगितलं होतंस."

पुढं जे व्हायचं ते झालं. सायगॉनचा जुना व्यापारी लाम पंधरवड्यात येऊन उभा राहिला. वीस वर्षं मांच्या मानेच्या हालचालीवर माल उचलणारा माणूस. या वेळी त्यानं बरोबर स्वतःचा चव घेणारा आणला होता, शिवाय एक यंत्र.

"बाय, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण पाच महिने तुम्हाला कळत नव्हतं म्हणता. मग त्या पाच महिन्यांत मला जे दिलंत, ते कुणी बघून दिलं?"

"तामनं बघून दिलं. तो गेल्यापासून तुम्हाला काही दिलेलंच नाही."

"आणि आता ताम नाही."

"आता नाही."

मा त्यांच्याबरोबर चाळीस पिंपांपुढून एकेक करत चालल्या. लामचा माणूस तोटी सोडायचा, वाटी धरायचा, हुंगायचा, चाखायचा, थुंकायचा, वहीत खूण करायचा. मा प्रत्येक पिंपाशी हात पुढं बांधून थांबायच्या. पूर्वी त्यांच्या कारखान्यात दुसऱ्यानं तोटीला हात लावलेला त्यांना खपत नसे. मला ते बघवेना. मी पुढं होऊन म्हणणार होते की पुरे आता, उरलेली उद्या बघा; पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"बघू दे त्याला," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं."

एकतिसाव्या पिंपाशी तो माणूस थोडा घुटमळला. वाटी पुन्हा हुंगली, लामकडे पाहिलं, लामनं मांकडे. मांनी त्याच्या हातातून वाटी घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"लुआ, तू घे."

मी वास घेतला. दोन थेंब जिभेवर ठेवले. मीठ थोडं पुढं होतं, मागं गोडी कमी. चाळीस माणसं माझ्याकडे बघताहेत असं वाटलं, होती तिघंच.

"अजून कच्चा आहे," मी म्हटलं. "दोन महिने ठेवायला हवा."

"खात्री आहे?" मांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा घेते."